आडवी सायकल आणि रुमालाखालचा भाव

मी बसलिंगअप्पाला फसवलं. सेलूचा बाजार इतकी वर्षं उलटंच सांगत आला — कारण मीच तसं सांगितलं. खरं काय घडलं ते बायकोलाही ठाऊक नव्हतं. आज तुम्हाला सांगतोय, आणि सांगतानाही चीड येते. कुणाची, ते मलाच नीट कळत नाही.

निजामाचं राज्य होतं. मी कापसाचा दलाल. बापाने ठेवलेलं काही नव्हतं, जे होतं ते जिभेवर मिळवलेलं. जिनिंग कारखान्याचा एक गोरा इंजिनियर देश सोडून निघाला तेव्हा त्याची सायकल मी घासाघीस करून पदरात पाडली. ती साधी सायकल नव्हती. बसायचं मागे रेलून, पाय पुढे पसरून, जमिनीपासून हातभर उंचीवर. लोक म्हणायचे, "शेटजी, बाज कुठं निघाली?" हसू देत! अख्ख्या परभणी जिल्ह्यात तशी दुसरी नव्हती.

पण तिला कुलूप लावणं हा रोजचा ताप. इतर लोक सायकल झाडाला टेकवून मागच्या चाकाला कुलूप घालत आणि निर्धास्त जात. माझी कुठे टेकायचीच नाही. नुसतं चाक अडकवलं तर दोघं जण खरोखरच बाजेसारखी उचलून नेतील. म्हणून मी लांब साखळी केली. ती दोन्ही चाकांतून आणि सांगाड्यातून ओवायची आणि जड वस्तूला बांधायची. बाजारात जड काय? कापसाने भरलेली बैलगाडी. जू खाली टेकलेली गाडी माप होईपर्यंत हलत नाही, हे सगळ्यांना माहीत. मापाआधीच जू बैलांच्या मानेवर चढलं की समजावं, सौदा मोडला.

आता ऐका — इथेच मला अडखळायला होतं.

बसलिंगअप्पा पाथरीकडचा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. आम्ही रुमालाखाली हात घातले. तेव्हा भाव तोंडाने नव्हे, बोटांनी ठरायचा. मी बोटं दाबली, आणि त्याने हात काढून घेतला. चारचौघांसमोर! वर म्हणाला, "शेटजी, ह्या भावात तर मी सरकी बी देनार न्हाई." लोक खदखदून हसले. त्याने बैल जुंपले. पलीकडच्या अडत्याकडे निघाला होता.

मी काय केलं असेल? तो बैलांशी बोलत होता तेवढ्यात सायकल त्याच्या गाडीच्या चाकाशी नेली, साखळी आऱ्यांतून ओवली आणि कुलूप घातलं. जू चढलेलं दिसत असताना. चोरांची भीती? छे. त्याला अडकवायचं होतं.

त्याने पाहिलं आणि हात जोडले. "शेटजी, कुलूप काढा. बैलं सकाळधरनं तान्हेली हायती." चावी दुकानावर राहिली, असं मी सांगितलं. चावी माझ्या करदोट्याला होती. समोरच्या हॉटेलात चहा पीत मी त्याच्याकडे बघत बसलो.

बाजारातल्या हौदाच्या पाण्याचा वास लागला आणि बैलांनीच गाडी ओढली. चाक फिरलं, त्याच्याबरोबर माझी सायकल वर उचलली गेली आणि पुढे पडून भरल्या गाडीच्या चाकाखाली चिरडली. तो कडाका अजून कानात आहे. मी धावलो ते ओरडतच — "चोर! साखळीसकट पळवायलाय!"

रागात तोंडातून निघालं, एवढंच असतं तरी… पण पोलीस चौकीत जमादारासमोरही मी तेच सांगितलं, शांतपणे. जमादार हसला, "चक्के को बांध के चोरी करते क्या रे?" तरी त्याने माझंच ऐकलं. मी त्याच्या ओळखीचा होतो ना. बसलिंगअप्पाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौकीत बसवलं. शेवटी तडजोड निघाली — सायकलीची भरपाई म्हणून गाडीभर कापूस माझा.

तो मला एवढंच म्हणाला, "कापूस घ्या. पर मला चोर म्हनू नगा, शेटजी. घरात लेकरं हायती."

मी मान हलवली. कापूस उतरवून घेतला. आणि त्याच आठवड्यात हॉटेलात सायकलचोराचा किस्सा रंगवून सांगितला. हसणाऱ्यांत मीच मोठ्याने. का? त्याने हात काढून घेतला म्हणून? की मोडलेली सायकल पाहून जळत होतो म्हणून? दोन्ही खरं असेल. त्याने काय फरक पडतो? तो पुन्हा सेलूला आला नाही.

परवा एका लग्नात त्याच्या नातवाला मुलगी देण्याचा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "तो सायकलचोराचा नातू? सोडा." मुलीकडचे पाहुणे उठून गेले. मी त्याच पंगतीत बसलो होतो. जेवलो.

बसलिंगअप्पा आता नाही. ते घर मोडलं ते माझ्या शब्दाने, आणि तो शब्द अजून बाजारात फिरतोय. तो शब्द परत घ्यायचं काम माझंच होतं. ज्यांना चोर हवा आहे, त्यांनी पाथरीला जाऊ नये. मी सेलूतच असतो. भर बाजारात, नाव घेऊन, मलाच जाब विचारावा.