आमच्या विहिरीचा बाटलीवाला

बाटलीवाल्याकडं चांगली मोटारसायकल होती, पण आमच्याकडं तो यायचा एसटीनंच. फाट्यावर उतरायचा आणि एका हातात बर्फाची पेटी, दुसऱ्या हातात नळ्यांची पिशवी घेऊन उसाच्या कडेकडेनं चालत यायचा. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "गाडी आणली की वाटेत पेट्रोल भरावं लागतं, आबा. ते हाताला लागतं, हातातनं बाटलीत जातं. मग पाण्यातलं कुठलं आणि माझ्या बोटाचं कुठलं, कसं कळायचं?" त्या दिवशी डोक्याला तेल लावायचा नाही, अंगाला अत्तर नाही. आमची बायको म्हणाली, "सोवळ्यातला मानूस हाय ह्यो."

आमचं रान कराड-इस्लामपूर रस्त्याला. वरच्या अंगाला एक पेट्रोल पंप होता, तो बंद पडला. जमिनीतल्या टाक्या उकरून काढल्या तेव्हा गंजून त्यांची चाळण झालेली. तोवर तेल मुरत मुरत आमच्या विहिरीला आलं होतं. पाण्यावर रंगीत तवंग यायचा. पाणी प्यायला बंदी आली. मग जमिनीत तेल किती उरलंय ते बघायला बांधावर एक बोअर मारली, तिच्या तोंडाला टोपण आणि कुलूप लावलं. दर तीन महिन्यांनी त्या बोअरचं आणि विहिरीचं पाणी तपासणीला न्यायला सांगलीहून हा यायचा. नाव त्यानं सांगितलं होतं. आम्ही बाटलीवालाच म्हणायचो.

बोअरमधलं साठलेलं पाणी तो आधी उपसून कॅनमध्ये भरायचा. जमिनीवर थेंब सांडू द्यायचा नाही, कॅनसुद्धा परत न्यायचा. ताजं पाणी आलं की बाटली काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करून उन्हात धरायची. आत बुडबुडा दिसला की ती बाद, नवी घ्यायची; पाण्यातलं तेल त्या हवेत उडून जातं म्हणायचा. मला माणसं लवकर आवडत नाहीत. ह्याचं हे बघत बसायला मात्र मी कामं टाकून जायचो. बायको तिथंच भांगलत असायची.

"घरी बायकूला पानी भरू लागता का असं?"

"नाही मावशी. ती म्हणते, तुम्ही भरायला लागलात तर हंड्याला दुपार होईल."

ती विहीर आमचं लग्न झाल्यावर खणलेली. दगडमाती हिनं डोक्यावर वाहिली. पंचायतीच्या नळाचं पाणी तिला कधी गोड लागलं नाही. काळजाचं दुखणं लागल्यावर तर एकच धोसरा, आपल्या हिरीचं पाणी पिऊन जाऊ दे. दर खेपेला ती त्याला विचारायची, "आता वास यीत न्हाई. घोटभर पिऊ का?"

"वास गेला म्हणजे तेल गेलं असं नाही, मावशी. जे मी पिणार नाही ते तुम्हाला प्या कसं म्हणू?"

वर्षभर सगळ्या खेपांना पाणी साफ निघालं की विहीर मोकळी होणार होती. एकदा शेवटच्या खेपेपर्यंत आलं. पण बोअरचं कुलूप गंजलेलं, दर वेळी त्याची बोटं सोलायची. ते बघून हिनं आदल्या दिवशी घरात जपून ठेवलेलं रॉकेल त्या कुलपावर सोडलं. टोपणाखालनं ते पाईपात उतरलं. सकाळी बाटलीवाला वाकला, वास घेतला आणि तिथंच बसला.

"मीच सोडलं," ही म्हणाली. "तुमचा हात सोलतुया म्हनून."

तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, की आता पाईप धुवायचा आणि वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मी तापलो. म्हटलं, "नुसतं हिरीचं पानी ने की. बोअरचं मागच्या खेपेचं लिही. कुनाला कळनार हाय?"

"मावशी पिणार ते पाणी, आबा. मला कळंल की."

दोन-चार खेपा मी त्याच्याशी बोललो नाही. ही बोलायची. पुढच्या वर्षीची शेवटची खेप आली तेव्हा ती खाटेवर होती. तिथनंच ओरडली, "बुडबुडा नीट बघा." निकाल यायच्या आत ती गेली.

त्यानंतर एका सकाळी दारात मोटारसायकल थांबली. बाटलीवाला गाडीवरनं उतरताना दिसला, तेव्हाच मी समजलो काय ते. "मावशी कुठायत?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "गेली." हातातलं हेल्मेट कुठं ठेवावं हे त्याला बराच वेळ सुचलं नाही.

आम्ही विहिरीवर गेलो. मी बादली ओढली. वाटेत पेट्रोल भरलं होतं म्हणून त्यानं आधी साबणानं हात धुतले, मग हिचा तांब्या घेतला. आधी तो प्याला, मग मी. तिला त्या पाण्याची चव आठवत होती. मला ते नळाच्या पाण्यासारखंच लागलं.

आता त्याचं आमच्याकडं काही काम उरलं नाही. त्या दिवशी जाताना बोअरचं कुलूप तेवढं काढायचं होतं. त्यानं किल्ली घातली. कुलूप लगेच उघडलं. रॉकेल सोडल्यापासनं ते कधी अडलं नव्हतं.