सोनमाशांचे काका

"आधी चाल बघा. रंग तुम्ही सांगा."

माशांच्या टबापुढे उकिडवं बसायचं, मान जराशी तिरकी करायची आणि हे म्हणायचं, ही काकांची रीत. मासेवाला घाई करी, मागची गिऱ्हाइकं कुरकुरत. काका ढिम्म.

कलकत्त्याच्या बागबाजारात आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. मूळचे मराठी, पण जन्मही तिथलाच. हावड्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढून निवृत्त झालेले. लग्न केलं नव्हतं. गच्चीवर सिमेंटच्या टाक्यांत गोल्डफिश पाळलेले. मराठी बोलत, पण ते बंगालीतून फिरून येई. पहिल्या भेटीत मी तीन जिने चढून धापा टाकत पोचलो, तर म्हणाले, "बसा, आधी पाणी खा."

बंगालीत पाणीही खातात, हे मला नवीन होतं. घरी येऊन सांगितलं, तेव्हा माझी बायको सुमन खुदकन हसली. बँकेच्या बदलीने आम्ही कलकत्त्याला आलो, त्याला पाच महिने झाले होते. तेवढ्या काळात ती पहिल्यांदाच हसली. भाषा येत नाही आणि शहरातले दिवसही दंग्याधोप्याचे, म्हणून ती भाजीलासुद्धा खाली उतरत नसे. मी ऑफिसात गेलो की कडी लागे, ती मी परतल्यावरच निघे.

मी काकांना हे बोललो. ते म्हणाले, "रविवारी सूनबाईंना घेऊन बाजारात या. काचेची पेटी मी देतो. मासे त्यांनी निवडायचे."

बाजारात सुमनने एका लांबसडक, चपळ कॉमेटवर बोट ठेवलं. शेजारचा काळा, डोळे बटबटीत बाहेर आलेला ब्लॅक मूरही तिला हवा होता.

"दोघं एकत्र नकोत," काका म्हणाले. "तो धावणारा, हा डुलणारा. ह्याला नीट दिसतही नाही. दाणा पोचेपर्यंत तो सगळं फस्त करणार. एक कोण ते ठरवा."

सुमन बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "काळा." त्याच्या जोडीला तिने तसाच संथ, पंख्यासारख्या शेपटीचा एक फॅनटेल घेतला.

"ह्याचा रंग कसा आहे, सूनबाई?"

"पांढरा. पाठीवर केशरी डाग, कुंकू सांडल्यासारखे."

काका खूश झाले. ते तिची परीक्षा घेताहेत, असं आम्हाला वाटलं.

महिन्याभरात काळा मासा फुगला आणि एका कुशीवर तरंगू लागला. मी ऑफिसात होतो. सुमनने कडी काढली, पायात चपला सरकवल्या आणि एकटी निघाली. वाटेत मोडक्या बंगालीत दोघांना घर विचारलं आणि थेट काकांची गच्ची गाठली.

"उपास घाला दोन दिवस," काका शांतपणे म्हणाले. "त्याची एकादशी समजा. खाणं जास्त झालंय."

बोलता बोलता ते टाकीत दाणे टाकत होते. दाणे टाकीबाहेर फरशीवर पडत होते. सुमनने त्यांचं मनगट धरलं.

"काका, तुम्हाला दिसत नाही?"

ते म्हणाले, "चाल दिसते. रंग गेले. मोतीबिंदू आहे. पण माझ्या वडिलांचा डोळा ऑपरेशनमध्येच गेला. कुणाला सांगू नका."

"माशाचं ऐकून मी इथवर आले," सुमन म्हणाली, "आता तुम्ही माझं ऐकायचं."

मासा दोन दिवसांत सरळ झाला. काकांना तयार करायला दोन महिने लागले. सुमनच त्यांना इस्पितळात घेऊन गेली, नर्सशी बोलली, डॉक्टरांशी वाद घातला, तोही बंगालीत. काका बरे होईपर्यंत गच्चीवरच्या टाक्या तिनेच सांभाळल्या.

जाड भिंगांचा चष्मा लावून काका आमच्याकडे आले. पेटीपुढे उकिडवे बसले. त्या काळ्या माशाचं पोट आणि कल्ले एव्हाना तांबूस सोनेरी झाले होते.

"हा काळा म्हणून घेतला होता ना?"

"मोठे होताना काही जण रंग बदलतात, असं त्या मासेवाल्याने सांगितलं," सुमन म्हणाली.

"मला ठाऊक आहे," काका म्हणाले. "पाहिलं नव्हतं बऱ्याच वर्षांत." आणि चष्मा काढून पुसत बसले.

चार वर्षांनी आमची बदली नागपूरला झाली. मासे काकांच्या गच्चीवर गेले. काका हावडा स्टेशनवर पोचवायला आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी सुमन आणि ते बंगालीत भराभर बोलत होते. ती त्यांना औषधाच्या वेळा बजावत होती, ते मान डोलावत होते. मला निम्मंच कळत होतं.

सामान ठेवून उतरलेला हमाल घाम पुसत काकांना म्हणाला, "बेटी ससुराल जा रही है, बाबूजी?"

काकांनी सुमनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हां, भैया," ते म्हणाले.