आक्कानंतरची चढाई

आक्का चढाईला गेली की समोरच्या पोरींच्या तोंडाकडे कधी बघायची नाही. नजर त्यांच्या टाचांवर. "तोंड लई थापा मारतंय गं. टाच उचलली की समजायचं, ही आता धरायला येणार," असं ती सांगायची. लोहा तालुक्याच्या मातीत वाढलेली ही बाई सात जणींच्या घोळक्यातून गुण घेऊन परत यायची, तेव्हा तिला धापही लागलेली नसे.

आमच्या कबड्डी संघात चढाई म्हणजे आक्का. बाकी सहा जणी पकडीला. ती बाद झालीच, तर दुसरी कुणी नावापुरती जाऊन रिकामी परत यायची आणि आम्ही पकड करून आक्काला पुन्हा आत घ्यायचो. याला आम्ही निष्ठा म्हणायचो. खरं तर तो आळस होता.

मग गुडघा गेला. "मी न्हाई सोडून राहिले, गुडघा सोडून राहिलाय," ती म्हणाली. तुझ्या जागी कोण, असं विचारल्यावर मात्र भडकली. "मी काय गादीवर बसले होते का, वारस नेमायला? जिला जायचंय तिनं जावं."

क्रीडा मंडळाचे अध्यक्ष तेवढ्यावरच टपलेले. "आक्का ढाल आणायची म्हणून तुम्हाला संध्याकाळचं मैदान होतं. मुखेडच्या स्पर्धेत पहिलाच सामना हरलात, तर संध्याकाळ पोरांची. तुम्ही सकाळी या." सकाळी आम्ही पाणी भरायचं, रानात जायचं की चढाई करायची, हे त्यांनी विचारलं नाही. मैदान जणू त्यांच्या सातबाऱ्यावर होतं!

मुखेडला पहिली चढाई आमची. शिट्टी झाली आणि एकही पोरगी हलली नाही. मीना डाव्या कोपऱ्यात, मी तिचा हात धरून शेजारी. सगळ्या आपापल्या पकडीच्या जागी. "अगं, चढाई कुणाची?" पंच ओरडले. पाळी गेली. पुढच्या वेळी दोघी एकदम धावल्या. तीही गेली. लोक पोट धरून हसत होते.

मध्यंतरात आम्ही मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसलेल्या आक्काकडे धावलो. "नुसतं बोट दाखव. कुणी जायचं?"

तिनं खुर्ची फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून बसली. "मला इचारू नका."

दुसऱ्या डावात मीना कोपरा सोडून निघाली. जन्मात पकडीशिवाय काही न केलेली मीना दोघींना बाद करून आली! मग मी गेले. मग आणखी एक. गुण चढत गेले, पण वेळ संपली. एका गुणानं हरलो.

त्याच आठवड्यात आक्का नोकरीसाठी लातूरला गेली. संध्याकाळी आम्ही मैदानावर पोचलो, तर अध्यक्ष पोरांना घेऊन उभे. "आक्काला बोलवा. तिच्याशी बोलतो."

"ती लातूरला गेली, काका. आमच्याशी बोला," मीना म्हणाली.

"हरलात न्हवं?"

"हरलो. ही पोरं तर दरसाल हरून येत्यात. त्यांना कधी काढलंत मैदानातून?"

पोरं खाली बघायला लागली. अध्यक्षांच्या उत्तराची वाट न बघता मी चुन्याच्या फक्कीची पाटी उचलली आणि मध्यरेषा आखायला घेतली. अध्यक्ष पुटपुटत निघून गेले. पोरं थोडा वेळ रेंगाळली, मग तीही गेली.

फोनवर आक्काला सगळं सांगितलं.

"मीना बोलली व्हय? अन् तू काय करून राहिली होतीस?"

"रेघ मारत होते."

"सरळ आली का?"

"न्हाई."

"मग पुसून परत मार. उद्या खेळायचंय तुम्हाला."