शून्य मिनिटे थांबलेली माणसे

वाट पाहून, कंटाळून उठून गेलेला माणूस नेमका किती वेळ थांबला, हे कागदावर कसे लिहावे? मला याचे उत्तर देता येत नाही. सरकारी दवाखान्याच्या नोंदणीबाई मात्र बारा वर्षे ते बिनदिक्कत देत आल्या होत्या: शून्य.

त्यात लबाडी नव्हती. असलाच तर काटेकोरपणा होता. रुग्ण आला की त्या चिठ्ठीवर वेळ घालून ती त्याच्या हाती देत. डॉक्टरांच्या दारातली परिचारिका आत गेल्याची वेळ घाली. चिठ्ठ्या खिडकीत परतल्या की बाई वजाबाकी करून मिनिटे वहीत चढवीत. परत न आलेल्या चिठ्ठीचे काय? रकाना रिकामा दिसला की वही वरून परत येते, असे जुन्या कारकुनांनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावले होते. बाईंनी ते गाठीला बांधले.

आणि मग तो आदेश आला. दुपारी थांबण्याची सरासरी सत्तावीस मिनिटे, म्हणजे तिसाच्या आत. सबब दुपारचे दुसरे डॉक्टर अनावश्यक. बाईंचे डोके फिरले. समोर बाकावर मुंगी शिरायला जागा नाही, भिंतीला टेकून म्हातारी माणसे उभी, आणि म्हणे सत्तावीस! बेरीज कोणीतरी झोपेत केली, याविषयी त्यांची खात्री होती.

मोठी नणंद महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवी. तिच्या संगणकावर चौदा महिन्यांच्या दुपारच्या नोंदी भरायला बाईंचे सहा रविवार गेले. पहिल्या खेपेस प्रत्येक आकड्यापुढे त्यांनी इमाने इतबारे ‘मि.’ लिहिले, तर त्या आज्ञावलीने अख्खा रकाना अक्षरे समजून सरासरी काढायलाच नकार दिला. माणसाला कळते ते याला कळत नाही आणि याला साहेब शहाणा म्हणतात, अशी बाईंची तणतण झाली. नणंदेने शांतपणे ‘मि.’ काढून टाकले. सरासरी आली: सत्तावीस. अगदी तीच.

“वन्सं, तुमचं यंत्रही त्यांनाच सामील आहे,” बाई म्हणाल्या.

“सरासरी एकटी कधी बघायची नसते, वहिनी. आलेख काढू.”

पडद्यावर डाव्या कडेला एक उंचच उंच खांब उभा राहिला, मग मोकळे मैदान, आणि पंचेचाळिसाच्या आसपास ठेंगण्या खांबांची टेकडी. चार हजार दोनशे नोंदींपैकी एक हजार सहाशे ऐंशी एकट्या त्या खांबात होत्या.

“हे शून्यवाले कोण? डॉक्टर काय फाटकात उभे असतात?” नणंदेने विचारले.

“ते गेलेले.”

“कुठे गेलेले?”

“घरी. थांबून थांबून.”

नणंदेने तेवढ्या नोंदी वगळल्या. सरासरी पंचेचाळीस झाली. बाईंना हसावे की रडावे कळेना. जे सर्वांत जास्त ताटकळले त्यांनाच त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात न थांबलेले ठरवले होते, आणि आता त्यांच्याच पुण्याईने डॉक्टर जात होते. दोष द्यायला दुसरे कोणी असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी आलेख घेऊन त्या अधीक्षकांसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. जुन्या कारकुनांची पद्धत, वहीचा नमुना, वरची तपासणी, यांतले काहीच त्यांनी ऐकून घेतले नाही. आकडे वर गेलेले आहेत, तेव्हा आकडे बरोबर आहेत, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. बाई हलेनात, तेव्हा त्यांनी कागद पुढे सरकवला.

“म्हणजे बारा वर्षं तुम्ही चुकीच्या नोंदी केल्या, असं सहीनिशी लिहून देणार? विचार करा, बाई. बढतीची यादी याच वर्षी आहे.”

“विचार सहा रविवार केलाय, साहेब. पेन द्या. माझं खिडकीत राहिलं.”

त्यांनी लिहून दिले. चुकीच्या नोंदींबद्दल त्यांना ताकीद मिळाली, बढती हुकली, आणि डॉक्टर तरीही गेले. चौकशी पूर्ण होईतो आदेश थांबवता येत नाही, असे उत्तर आले. चौकशी वीस महिने चालली.

फेब्रुवारी २०१८पासून त्या दवाखान्यात दुपारी पुन्हा दोन डॉक्टर बसतात.