थट्टेत नेलेली शेळी

चुलीवर मक्याच्या पिठाची न्शिमा घट्ट होत आली होती आणि टिसियेंजी दोन्ही हातांनी डाव फिरवत होती, तेवढ्यात दार वाजलं. पाहते तर कसोंडे. टोपी काढून हातात धरलेली.

एरवी हा माणूस कुंपणापासूनच ओरडत यायचा, "ए उंदीरखाऊ, काय शिजतंय? शेपूट वर आलीय का?" आज दार वाजवून उभा होता.

ती न्गोनी जमातीची, तो बेम्बा जमातीचा. पणज्यांच्या काळी दोन्हीकडचे लोक लढले, आणि वैर विझता विझता त्याचं थट्टेचं नातं झालं. न्गोनीनं बेम्बाला माकडखाऊ म्हणावं, बेम्बानं न्गोनीच्या अंगणातलं काहीबाही उचलून न्यावं, आणि रागवायचं कुणीच नाही. टिसियेंजीचा नवरा गेला तेव्हा हाच कसोंडे कबरीच्या खड्ड्यात आडवा होऊन म्हणाला होता, "अजून खणा रे, न्गोनी पाय पसरून झोपतात." त्या दिवशी ती हसली, म्हणून तगली.

नदीकाठच्या लॉजवर ती चादरी-टॉवेल धुवायची आणि तो पाहुण्यांना गाडीतून जनावरं दाखवायचा.

"बस ना."

तो बसला नाही. "रात्री पलीकडच्या म्वालेंच्या गोठ्यात बिबट्या शिरला. शेळ्या फाडल्यात. गावातले विष घालायचं म्हणताहेत त्याला."

"मग मॅनेजरला सांग. मला काय सांगतोस?"

"मॅनेजरच विचारतोय, बिबट्या शेळीला चटावला कसा म्हणून." तो टोपीची कड चाचपत राहिला. "तुझी ती कान फाटलेली. मी नेली होती."

"खाल्लीत ना ती?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"न्गोनीची शेळी म्हणजे बेम्बाचं जेवण," असं म्हणत त्यानं त्या दिवशी ती खुंट्यावरून सोडली होती. परक्याबरोबर शेळी पाऊल उचलेना, म्हणून टिसियेंजीच तिला चुचकारत नदीच्या वाटेपर्यंत गेली होती. दोरी त्याच्या हातात तिनंच दिली, हसत हसत.

"मोठ्या कॅमेऱ्याचा पाहुणा होता बघ," कसोंडे हळूच म्हणाला. "किती फिरवला, पण बिबट्या दिसेना. रुसून निघाला होता. मग मी चिंचेखाली बांधली."

त्या पाहुण्यानं काढलेला फोटो लॉजच्या जेवणघरात लावला होता. दबा धरलेला बिबट्या, डोळ्यात उन्हाचा ठिपका. शेजारच्या पाटीवर लिहिलेलं, इथे जनावरांना आमिष दाखवलं जात नाही. नवीन पोरींना त्या फोटोपुढे उभं करून टिसियेंजी सांगायची, "आमच्या कसोंडेची नजर बघा." बिबट्या चौकटीबाहेर कशाकडे बघतोय, हे तिला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"मॅनेजरला एवढंच सांग, की मी ती तुझ्यासमोर कापली. नाहीतर माझं काम जाईल. आपल्यात एवढं चालतं."

"आपल्यात काय चालतं?"

त्यानं हसायचा प्रयत्न केला. "अगं, उंदीरखाऊंच्या शेळीला साहेबाच्या फोटोचा मान..." ती हसली नाही, तेव्हा पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं.

तिनं भांडं खाली उतरवलं. हात पुसले.

"मी खोटं बोलणार नाही. शेळी मी हसत दिली, हे मी सांगेन. कुठं बांधलीस, कशाला बांधलीस, ते तू सांग. आत्ता जा, विष घालायच्या आधी. त्या जनावराला ही चटक तू लावलीस."

"जातो," तो म्हणाला. मग दारातून मागे वळून, "आणि आपलं?"

"चोरून नेली असतीस तर भांडले असते, आणि उद्या पुन्हा माकडखाऊ म्हटलं असतं. तू थट्टा करून नेलीस." तिचा आवाज चढला नाही. "मॅनेजर तुला ठेवो नाहीतर काढो, मला काही नको. एकच मागते. यापुढे माझी थट्टा करू नकोस. वाटेत दिसले तर इतर लोक म्हणतात तसं, लेकराच्या नावानं, थोकोची आई म्हण, आणि पुढे जा."