दादाची झील

देवी माझं ऐकते, यावर माझा विश्वास उरला नव्हता, आणि पोट मात्र तिचीच गाणी गाऊन भरत होतं.

आम्ही पाथर्डीकडचे गोंधळी. लढाईची वर्षं होती, दिवटीचं तेलसुद्धा मुश्किलीने मिळायचं. थोरला दादा संबळ वाजवत गायचा. मी मागे तुणतुणं धरून झील ओढायचो, म्हणजे त्याने सोडलेली ओळ उचलून धरायची, की त्याला दम घेता यावा. गाणं मला सगळं येत होतं, पण तो मला पुढे उभा राहू देईना. एका लग्नाच्या गोंधळात मी चिडून झीलच ओढली नाही. नुसते ओठ हलवत राहिलो. दादा तापाने फणफणला होता. दम न घेता रेटत राहिला आणि त्याचा आवाज फाटला तो कायमचा. मी पुढे आलो, तो दिवटी धरू लागला. मोहट्याच्या देवीला रोज म्हणायचो, माझा आवाज घे, पण त्याचा परत दे. खोटं कशाला सांगू, ‘माझा घे’ म्हणताना मला भीतीच वाटायची.

पुढे तिसगावच्या एका गोंधळाला माझा झीलकरी आलाच नाही, तमाशाच्या फडात पळाला होता. एकट्याने देवांना आवतण देता देता दम पुरेना. आवाज अडकला, मी थांबलो. तेवढ्यात मागून खरखरीत झील आली. दादाने दिवटी दुसऱ्याच्या हाती देऊन तुणतुणं उचललं होतं.

“कोन कोकलतंय? गप करा त्याला!” मांडवातून कुणीतरी ओरडलं.

यजमानाची म्हातारी आई उठली. “देवीपुढं कुनाला गप करत न्हाईत. गाऊ द्या त्येला.”

दादाचा आवाज माझ्या पट्टीला पोचत नव्हता. मग मीच पट्टी उतरवली, तो होता तिथे आलो. रंग भरला नाही, निम्मी माणसं उठून गेली. इतकं वाईट मी जन्मात गायलो नव्हतो, आणि देवी समोर बसून ऐकते आहे असं तेव्हाच पहिल्यांदा वाटलं.

सामान बांधताना दादा म्हणाला, “त्या लग्नात तू मुद्दाम गप बसला हुतास, व्हय ना?”

मी हो म्हणून मान हलवली.

“मला तवाच कळलं हुतं. गठुडं उचल.”

मी मागितलं ते देवीने दिलं नाही, आणि आता मी मागतही नाही. दादा होता तोवर त्याच्याच पट्टीत गायलो. लोक हसले, बोलावणी कमी झाली. त्याने मागे उभं राहून माझी ओळ उचलावी, एवढं तिने पदरात घातलं. ते माझ्या लायकीपेक्षा जास्त होतं.