अस्वलाला लागलेली चटक

माझे मामा धंद्याने तंबूवाले. हिवाळाभर घराखालच्या खोलीत बसून ताडपत्र्या शिवायचे, तंबूंच्या चेनी बदलायचे आणि उन्हाळा लागला की आपले बारा तंबू टेम्पोत घालून डोंगरावरच्या कुरणात जायचे. शहरातली कुटुंबं तिथे चार-चार दिवस राहायला यायची. स्वयंपाक मामीकडे, आणि कॉलेजच्या सुट्टीत मी तिच्या हाताखाली. पाहुणा हसला की मामांचं पोट भरायचं. कुणाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे.

अस्वल पहिल्यांदा आलं ते चुकून. कुणीतरी जॅमची बरणी उघडी टाकली होती. चांगलं ऊन असताना ते स्वयंपाकाच्या तंबूमागे आलं आणि बरणी पंजांत धरून चाटत बसलं. पाहुणे श्वास रोखून बघत राहिले. दिवसभर मग दुसरा विषय नव्हता. दुसऱ्या दिवशी मामांनी उरलेले पाव आणि उकडलेले बटाटे मागच्या खडकावर नेऊन ठेवले.

मामी म्हणाली, "जंगली जनावराला आपल्या हातची चव लावू नका. आपण तीन महिन्यांनी खाली उतरणार. मग ते कुणाच्या दारात जाईल?"

"अगं, दोन शिळे पाव. त्याने काय होतंय?"

"होईल तेव्हा कळेल."

पुढच्या उन्हाळ्यात लोक अस्वल बघायचं म्हणूनच आले. मामा खडकावर डबा वाजवायचे, अस्वल झाडीतून यायचं आणि मागच्या पायांवर बसून वाट बघायचं. खोटं कशाला बोलू, टाळ्या मीही वाजवल्या.

हंगाम संपला, तंबू उतरले. महिनाभरात ते अस्वल पायथ्याच्या वस्तीत शिरलं. तिथे एक आजीबाई एकट्या राहत. त्या चुलीपुढे असताना त्याने दार फोडलं. आजीबाई मागच्या खिडकीतून बाहेर पडल्या, पण पडताना मनगट मोडलं. वस्तीतल्या लोकांनी मग लोखंडी सापळा लावला. त्यात अस्वलाचा पुढचा पंजा अडकला, आणि वन्य प्राण्यांना सोडवणाऱ्या केंद्राची माणसं पोचेपर्यंत तो कापण्याखेरीज इलाज उरला नव्हता.

बातमी कळली तेव्हा मामा शिलाई मशीनवर होते. त्यांनी मशीन थांबवलं. मामी "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं.

त्यांनी जाऊन आजीबाईंना नवीन दार बसवून दिलं. त्यांना सगळं सांगितलंही. आजीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दार चांगलंय. पण त्या खोलीत मला अजून एकटीला पाऊल टाकवत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात पाहुण्यांना केंद्रात ठेवलेलं ते अस्वल बघायची हौस आली. मामा गाडीने घेऊन जायचे, पण आत पाय ठेवायचे नाहीत. "इंजिन तापलंय, मी इथेच थांबतो," म्हणायचे. तिसऱ्या खेपेला एका बाईंनी फोटो काढायला म्हणून त्यांना हाताला धरूनच आत नेलं, मागोमाग मीही गेले. नाही म्हणता येत नव्हतं ना.

कुंपणापाशी माणसं दिसताच अस्वल लंगडत आलं, मागच्या पायांवर बसलं आणि उरलेला एक पंजा पुढे केला. "किती गोड," त्या बाई म्हणाल्या.

तिथल्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "गोड नाही हो. ते भीक मागतंय. माणसाची भीती मेली आहे त्याची, आता जंगलात सोडता यायचं नाही. कुणीतरी शिकवलंय हे."

"मी शिकवलं," मामा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. त्या बाईंचा कॅमेरा मामांच्या हातात तसाच होता. डॉक्टरीणबाई रागावतील असं वाटलं, पण त्यांनी खिशातून वही काढली.

"काय काय घालत होता?"

"पाव. बटाटे. जॅम. कधी साखर."

"किती दिवस?"

"दोन उन्हाळे."

"वर्षभर शोधतेय मी. फळं, मुळं, काही धड खात नाही ते. आता निदान कुठून सुरुवात करायची ते कळलं." त्यांनी वही मिटली. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे सांगत नाहीये."

"नकोच," मामा म्हणाले.

मामांचा कॅम्प चालू राहिला, पण खाणं कुलूपबंद पेट्यांत गेलं. नवे पाहुणे आले की चहाच्या वेळी मामा ती गोष्ट स्वतः सांगत, आपला वाटा न लपवता. ऐकून काहीजण परत आले नाहीत. मामांनी तेही सोसलं.

दर सोमवारी सकाळी ते केंद्रात जातात. अस्वल आतल्या पिंजऱ्यात असतं, तेवढ्या वेळात ते मोकळ्या आवारातल्या पोकळ ओंडक्यांत फळं आणि कंदमुळं दडवतात, दगडांखाली सारतात. हुंगून, उकरून शोधायची सवय त्याला परत लागावी म्हणून. काम झालं की फाटक उघडायच्या आत त्यांनी निघून जायचं, अशी डॉक्टरीणबाईंची अट आहे. त्यांना बघून ते पुन्हा भीक मागत बसायला नको.

"एकदा लांबून तरी बघावंसं नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटतं," मामा म्हणाले आणि नळाखाली हात धुवायला गेले.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंचा निरोप आला की अस्वलाने एक ओंडका स्वतः फोडून आतलं सगळं खाल्लं. मामांनी मान डोलावली आणि मामीला विचारलं, "आजीबाईंकडे जाऊन येऊया का?" दोघं गेले. आजीबाईंनी त्यांना ओसरीवरच बसवलं. आत या, असं त्या अजून म्हणत नाहीत.